खिशातील पिस्तुलाची निवड : अमेरिकेतील एका व्यवहाराचे यांत्रिक व कायदेशीर विवेचन

विषयप्रवेश

अमेरिकेतील टेक्सास राज्यात १ ऑगस्ट २०१६ पासून परवानाधारक व्यक्तीस राज्य विद्यापीठांच्या आवारात, वर्गखोल्यांसह, हातबंदूक जवळ बाळगण्याची मुभा मिळाली. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून १ ऑगस्ट १९६६ रोजी झालेल्या भीषण गोळीबारास नेमकी त्याच दिवशी पन्नास वर्षे पूर्ण होत होती, हा योगायोग अनेकांना बोचला. विद्यापीठातील तीन प्राध्यापिका या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. वर्गात शस्त्र असू शकते या जाणिवेने मुक्त चर्चेवर दडपण येते, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु २०१८ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचा दावा दाखल करून घेण्याजोगा मानला नाही. या कायद्यातील एक अट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. शस्त्र जवळ असले तरी ते इतरांस दिसता कामा नये. साहजिकच मागील बाकावरील विद्यार्थ्याच्या खिशात जे पिस्तूल असू शकते ते लहान, चपटे आणि हलके असणार.

असे पिस्तूल कसे निवडले जाते, हा प्रश्न वरवर पाहता ग्राहकाच्या आवडीचा वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर यंत्रशास्त्र, कायदा आणि चक्क शिवणकाम या तीन ठिकाणी विखुरलेले आहे. शस्त्र अंगावर पण नजरेआड बाळगण्यास तेथे ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. त्यासाठी बनवलेल्या पिस्तुलाचा आकार जसजसा घटतो तसतसे ते बाळगणे सोपे होते. मात्र त्याच प्रमाणात ते अचूक चालवणे अवघड होत जाते. पिस्तुलाची जाहिरात पहिली बाजू सांगते. दुसरी बाजू विकत घेणाऱ्यास बहुधा नेमबाजीच्या मैदानावर, आणि तेही उशिरा, समजते.

लपवलेल्या शस्त्राचा पूर्वेतिहास

शस्त्र उघड बाळगावे की लपवून, याविषयीची अमेरिकी धारणा दोन शतकांत पार उलटली आहे. केंटकी व लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच शस्त्र लपवून बाळगण्यावर बंदी घातली होती. उघड शस्त्रधारी मनुष्य सरळ आणि लपवणारा कपटी, असा त्यामागील समज होता. आज अनेक शहरांत कमरेला उघडे पिस्तूल लावून फिरणारा इसम लोकांना अस्वस्थ करतो आणि ते सदऱ्याखाली झाकणारा सभ्य ठरतो.

या लहान शस्त्राचे पहिले प्रसिद्ध नाव म्हणजे फिलाडेल्फियाचे कारागीर हेन्री डेरिंजर. त्यांचे एकबारी पिस्तूल तळहातात मावे. १४ एप्रिल १८६५ रोजी जॉन विल्क्स बूथ याने अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेली गोळी याच बनावटीच्या, सुमारे पंधरा सेंटीमीटर लांबीच्या पिस्तुलातून सुटली. निर्मात्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अधिकचा ‘आर’ घुसला आणि विशेषनामाचे सामान्यनाम झाले. पुढे रेमिंग्टन कंपनीचे दुनळी डेरिंजर १८६६ पासून १९३५ पर्यंत बनत राहिले. एका साध्या यंत्राला लाभलेले हे आयुष्य त्याच्या मागणीविषयी बरेच काही सांगते.

खरा बदल घडवला तो जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी. बेल्जियममधील एफएन कंपनीसाठी त्यांनी आखलेल्या स्वयंभरण पिस्तुलासोबत १८९९ मध्ये .३२ एसीपी हे काडतूस आले. १९०५ च्या सुमारास जाकिटाच्या खिशासाठी.२५ एसीपी, आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील कोल्ट कंपनीच्या पिस्तुलासोबत .३८० एसीपी. जाकिटाच्या खिशातील त्या पिस्तुलाची लांबी जेमतेम साडेअकरा सेंटीमीटर होती. खिशातील पिस्तुलांची ही तीनही काडतुसे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहेत.

लहान स्वयंभरण पिस्तुलाने राजकारणाचीही दिशा फिरवली. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे आर्चड्यूक फ्रान्ट्स फर्डिनांड यांच्यावर चालवलेले पिस्तूल ब्राउनिंग यांच्याच आराखड्याचे होते. त्याआधी साडेचार वर्षे, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर ब्राउनिंग पिस्तुलातूनच गोळ्या झाडल्या होत्या. लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून आलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक, आणि वि. दा. सावरकरांवरील खटल्यात हाच पुरवठा आरोपाच्या केंद्रस्थानी होता. वीस स्वयंभरण पिस्तुले एका प्रवासी ट्रंकेच्या तळात मावतात, ही गोष्ट वीस वर्षे आधी शक्य झाली नसती.

कायद्याने घडवलेले माप

पिस्तुलाचे माप कारखान्यातील अभियंता ठरवतो असे समजणे अपुरे आहे. गेल्या अर्धशतकात हे माप बऱ्याच अंशी कायदेमंडळांनी ठरवले.

मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये अमेरिकेत बंदूक नियंत्रण कायदा झाला. आयात हातबंदूक ‘क्रीडेसाठी योग्य’ असली पाहिजे, ही त्यातील एक अट. ही योग्यता ठरवण्यासाठी लांबी, उंची, वजन, सुरक्षा-योजना यांना गुण देणारा तक्ता तयार झाला. पिस्तुलाची उंची किमान चार इंच हवी, असे त्यात होते. जर्मनीचे वॉल्थर पीपीके हे प्रख्यात पिस्तूल या कसोटीत इंचाच्या दशांशाने कमी भरले. कंपनीने त्याच्या वरच्या भागास थोरल्या पीपी पिस्तुलाची किंचित उंच मूठ जोडली आणि पीपीके/एस हे नवे पिस्तूल केवळ अमेरिकी बाजारासाठी जन्मास आले. कायद्याचा हेतू स्वस्त, निकृष्ट पिस्तुलांना आळा घालण्याचा होता. परंतु तक्ता लागू होता फक्त आयातीला. परिणामी लॉस एंजेलिसच्या परिसरात जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव .२५ पिस्तुले बनवणारे देशी कारखाने उभे राहिले. चांगले परदेशी लहान पिस्तूल बाहेर आणि वाईट देशी लहान पिस्तूल आत, अशी ही स्थिती होती; धोरण आखणाऱ्यांनी अभ्यासावा असा हा नमुना आहे.

दुसरे वळण १९८७ चे. फ्लोरिडा राज्याने त्या वर्षी विहित अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक अर्जदारास परवाना देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक केले. तोवर अनेक राज्यांत परवाना हा अधिकाऱ्याच्या मर्जीचा भाग होता. फ्लोरिडाचे अनुकरण पुढील दोन दशकांत बहुसंख्य राज्यांनी केले आणि कायदेशीररीत्या शस्त्र लपवून बाळगणाऱ्यांचा फार मोठा ग्राहकवर्ग निर्माण झाला. १९९४ ते २००४ या काळात नागरिकांसाठीच्या नव्या मॅगझिनची क्षमता दहा काडतुसांपुरती मर्यादित होती. सोळा गोळ्या मावणाऱ्या मोठ्या पिस्तुलात दहाच भरायच्या असतील तर पिस्तूलच लहान का असू नये, हा हिशेब उत्पादकांनी लगेच मांडला. ग्लॉक २६ हे आखूड पिस्तूल १९९५ मध्ये आले ते याच वातावरणात.

न्यूयॉर्क राज्याच्या १९११ च्या सुलिव्हन कायद्यातून आलेली ‘सबळ कारण’ दाखवण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्यात घटनाबाह्य ठरवली. २०२४ पर्यंत एकोणतीस राज्यांनी लपवून शस्त्र बाळगण्यासाठी परवान्याचीच आवश्यकता काढून टाकली होती. परवाना गेला की त्यासोबतचे सक्तीचे प्रशिक्षणही जाते. ज्या शस्त्राला अधिक सरावाची गरज आहे तेच शस्त्र कमीत कमी सराव असलेल्यांच्या हाती जाण्याची वाट यामुळे मोकळी झाली.

वजन आणि धक्का

फ्लोरिडातील केल-टेक कंपनीचे पी-३एटी हे .३८० चे पिस्तूल २००३ मध्ये आले. पॉलिमरच्या सांगाड्यामुळे त्याचे रिकामे वजन अवघे २३५ ग्रॅमच्या आसपास होते. त्याच धर्तीचे रूगर एलसीपी २००८ मध्ये आले : वजन सुमारे २६५ ग्रॅम, लांबी तेरा सेंटीमीटर, मॅगझिनमध्ये सहा काडतुसे. जीन्सच्या पुढच्या खिशात जाड पाकिटासारखे ते बसते. त्या वर्षापासून या वर्गाची विक्री झपाट्याने वाढली.

या हलकेपणाची किंमत शालेय भौतिकशास्त्राने काढता येते. .३८० ची गोळी सुमारे ६.२ ग्रॅम वजनाची असते. आखूड नळीतून ती सेकंदाला २७० मीटर वेगाने बाहेर पडते असे धरू. तिचा संवेग सुमारे १.६७ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार तितकाच संवेग पिस्तुलास उलट दिशेने मिळतो. काडतुसांसह ३०० ग्रॅम भरणारे पिस्तूल त्यामुळे सेकंदाला साडेपाच मीटरहून अधिक वेगाने हातावर आदळते आणि धक्क्याची ऊर्जा ४.६ जूलच्या घरात जाते. तीच गोळी ९०० ग्रॅमच्या पिस्तुलातून सोडली तर धक्क्याची ऊर्जा त्याच्या एकतृतीयांश, म्हणजे दीड जूलच्या आसपास राहते. दारूच्या वायूंचा संवेग येथे हिशेबात धरलेला नाही; तो धरल्यास दोन्ही आकडे वाढतील, परस्पर प्रमाण तेच राहील.

वजन एकतृतीयांश होताच धक्का तिप्पट, हे गणित कोणत्याही ब्रँडला चुकवता येत नाही. त्यात लहान पिस्तुलाची मूठ आखूड असते. दोनच बोटे तिच्यावर बसतात. करंगळी हवेत राहते. धक्का पसरवण्यास तळहाताचे क्षेत्र अपुरे पडते आणि पाचसहा फैरींनंतर अंगठ्याचा खळगा दुखू लागतो. ज्याचा सराव दुखतो त्याचा सराव कमी होतो. या वर्गातील पिस्तुलांची सर्वांत मोठी उणीव बहुधा हीच म्हणावी लागेल.

नेम आणि चाप

पिस्तुलाच्या नळीवर पुढे माशी आणि मागे खाच असते. या दोहोंतील अंतर जितके अधिक तितकी नेमातील चूक कमी. अंतर शंभर मिलिमीटर असताना माशी एक मिलिमीटर सरकली तर सात मीटरवर गोळी सात सेंटीमीटर बाजूला जाते. अंतर १६५ मिलिमीटर असल्यास तीच चूक सव्वाचार सेंटीमीटरची होते. खिशातील पिस्तुलांवर तर खाच आणि माशी बहुधा नावापुरत्याच असतात, कारण उंच माशी कापडात अडकते.

तथापि नेम चुकण्याचे अधिक मोठे कारण चापात दडलेले असते. खिशात ठेवायच्या पिस्तुलास बहुधा बाहेरचा घोडा अथवा हाताने लावण्याचा खटका नसतो. त्यामुळे निर्मात्याने सुरक्षिततेचा भार चापावर टाकलेला असतो : चाप लांब आणि जड ठेवायचा, म्हणजे नकळत ओढला जाणार नाही. परिणाम असा की तीनशे ग्रॅमची वस्तू हातात स्थिर धरून तिच्याच एका भागावर तीन किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक भाराइतके बल एका बोटाने लावावे लागते. वस्तू न हलवता हे साधणे म्हणजे टाचणीवर तोललेल्या पट्टीला ढकलण्यासारखे आहे. मोठ्या पिस्तुलात त्याचे वजनच त्याला स्थिर ठेवते. येथे ते काम संपूर्णपणे मनगटाला करावे लागते.

म्हणूनच निवडीचा पहिला निकष काडतूस असावे हा रूढ सल्ला शंकास्पद वाटतो. पहिला निकष हात आणि चाप यांचा मेळ हा असावयास हवा. अमेरिकेतील अनेक नेमबाजी मैदानांवर पिस्तुले भाड्याने मिळतात. दुकानाच्या काचेवर ठेवलेले पिस्तूल उचलून पाहणे आणि त्यातून पन्नास फैरी झाडणे यांतून मिळणारे ज्ञान वेगवेगळे असते.

काडतुसाचा प्रश्न

ऊर्जेचे आकडे ढोबळमानाने असे आहेत : .२५ एसीपी सुमारे ८५ जूल, .३२ एसीपी सुमारे १७५, .३८० एसीपी सुमारे २६०, आणि लष्करी-पोलिसी वापरातील ९ मि.मी. साडेचारशेच्या पुढे. .३८० आणि ९ मि.मी. यांच्या गोळीचा व्यास जवळपास सारखाच. फरक पुंगळीच्या लांबीत आणि दाबात. आखूड नळीत दारू पूर्ण जळण्यापूर्वीच गोळी बाहेर पडते, म्हणून हे सर्व आकडे खिशातील पिस्तुलात आणखी खाली येतात.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे एफबीआयचे अधिकारी आणि दोन सशस्त्र दरोडेखोर यांच्यात झालेल्या चकमकीनंतर त्या संस्थेने काडतुसांचे मोजमाप नव्याने केले. प्रमाणित जिलेटिनमध्ये गोळी बारा ते अठरा इंच खोल गेली पाहिजे, ही कसोटी तेव्हापासून रूढ झाली. .३८० ची फुलणारी गोळी लवकर फुलली तर पुरेशी खोल जात नाही. न फुलणारी खोल जाते, पण अरुंद मार्गाने. ९ मि.मी. मध्ये दोन्ही साधण्याइतकी ऊर्जा असते. लहान काडतुसात एक मिळवण्यासाठी दुसरे सोडावे लागते, आणि ‘जादूचे काडतूस’ विकणाऱ्या वेष्टनांनी या वस्तुस्थितीत फारसा बदल केलेला नाही.

या कोंडीतून बाजाराने काढलेला मार्ग म्हणजे थोडे मोठे पिस्तूल. सिग सावर पी३६५ हे २०१८ मध्ये आले : ९ मि.मी., दहा काडतुसांचे मॅगझिन, वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास, लांबी पंधरा सेंटीमीटरपेक्षा थोडी कमी. मॅगझिनमध्ये काडतुसे एकाखाली एक न ठेवता किंचित नागमोडी रचल्याने मूठ फार न फुगता क्षमता जवळपास दुप्पट झाली. ज्यांच्या पोशाखात ते लपते त्यांच्यासाठी अडीचशे ग्रॅमच्या .३८० पेक्षा ही निवड सरस ठरते. ते पुढच्या खिशात मात्र सहजी मावत नाही. त्यास कमरपट्टा लागतो.

भरवसा आणि यंत्ररचना

जुन्या ब्राउनिंग पिस्तुलांत आणि वॉल्थर पीपीकेमध्ये नळी अचल असते. गोळी सुटताना मागचा दट्ट्या केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग यांच्या बळावर जागी राहतो. काडतूस जोरकस असेल तर स्लाइड जड आणि स्प्रिंग ताठ करावी लागते. याउलट केल-टेक व रूगरच्या पिस्तुलांत नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकींत अडकून मागे सरकतात, मग नळी खाली कलते आणि स्लाइड सुटी होते. ही कलत्या नळीची कल्पनाही ब्राउनिंग यांचीच. तिच्यामुळे .३८० चे पिस्तूल अडीचशे ग्रॅमपर्यंत खाली येऊ शकले.

परंतु स्लाइडचा प्रवास आखूड झाला की रिकामी पुंगळी बाहेर फेकणे आणि नवे काडतूस चढवणे यांस मिळणारा अवधीही आखडतो. मनगट सैल पडले, खिशातील धागे-धूळ आत गेली, वंगण सुकले, तर अडकण्याची शक्यता वाढते. .३२ एसीपीच्या पुंगळीला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असल्याने मॅगझिनमध्ये एका काडतुसाची कड दुसऱ्याच्या मागे अडकून ते जाम होण्याचा दोष संभवतो. निवडलेल्या पिस्तुलातून निवडलेल्याच काडतुसांच्या शे-दोनशे फैरी विनाअडथळा झाडल्याखेरीज त्यावर विसंबू नये, हा संकेत यामुळेच रूढ झाला आहे.

ज्यांच्या हातात जोर कमी आहे, संधिवात आहे, त्यांना ताठ स्प्रिंगची लहानशी स्लाइड मागे खेचणेच जमत नाही. वृद्ध ग्राहकाला ‘लहान म्हणून सोपे’ असे सांगून असे पिस्तूल देणारा विक्रेता त्याची फसवणूक करीत असतो, जाणता किंवा अजाणता. बेरेटाच्या काही पिस्तुलांत नळीचे मागचे टोक वर उचलून पहिले काडतूस हाताने घालता येते. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये मुद्दाम हलक्या स्लाइडचे .३८० पिस्तूल आणले. ते अर्थातच आकाराने मोठे आहे. त्याच कंपनीची पाच गोळ्यांची, झाकलेल्या घोड्याची हलकी रिव्हॉल्वरे अद्याप लोकप्रिय आहेत. त्यांत स्लाइड खेचण्याचा प्रश्नच नाही आणि कापडात अडकण्यासारखे काही नाही. चारशे ग्रॅमच्या आसपास वजन आणि .३८ स्पेशल काडतूस यांचा धक्का मात्र सोसावा लागतो.

खिसा

पिस्तूल खिशात नुसते टाकणे हा या संपूर्ण व्यवहारातील सर्वांत धोकादायक प्रकार आहे. किल्ली, पेन, नाणे यांपैकी काहीही चापाच्या कडीत शिरू शकते. त्यासाठी खिशाचे होल्स्टर असते : चाप पूर्ण झाकणारे, पिस्तूल उभे ठेवणारे, बाह्यांगास खडबडीत, जेणेकरून पिस्तूल उपसताना ते खिशातच राहावे. त्या खिशात दुसरी कोणतीही वस्तू ठेवू नये, हा नियम निरपवाद आहे. पिस्तूल परत ठेवताना होल्स्टर आधी बाहेर काढून त्यात ते बसवायचे आणि मग दोन्ही खिशात घालायचे. अपघाती गोळ्या बऱ्याचदा याच क्षणी सुटतात.

पिस्तूल हातून पडले तर काय, हाही प्रश्न आहे. आधुनिक पिस्तुलांत चाप पूर्ण ओढल्याखेरीज टोचणीस पुढे जाऊ न देणारा अडसर असतो, पण सर्वच लहान पिस्तुलांत तो असतो असे नाही. खुद्द रूगरने एलसीपीची पहिली पिस्तुले पडल्यास गोळी सुटण्याच्या शक्यतेमुळे ऑक्टोबर २००८ मध्ये दुरुस्तीसाठी परत मागवली होती. जुने पिस्तूल घेणाऱ्याने अशा परत-मागणीची नोंद तपासणे अगत्याचे आहे.

चेंबरमध्ये काडतूस चढवून ठेवावे की रिकामे, यावर टेक्सास विद्यापीठातच मोठा वाद झाला. विद्यापीठाच्या समितीने आवारात चेंबर रिकामे ठेवण्याची अट सुचवली होती. संकटसमयी स्लाइड खेचण्यास अवसर मिळणार नाही या आक्षेपावरून ती अखेरीस वगळली गेली. दोन्ही पक्षांत तथ्य होते. ज्या आवारात हजारो विद्यार्थी रोज वावरतात तेथे समितीचा पक्ष अधिक सबळ होता, असे म्हणावेसे वाटते.

आणि शिवणकाम. पुरुषांच्या पॅन्टचा पुढचा खिसा खोल असतो. स्त्रियांच्या वस्त्रांना खिसे अपुरे किंवा नसतातच. परिणामी अनेक स्त्रिया पिस्तूल पर्समध्ये ठेवतात. पर्स अंगापासून दूर होते, खुर्चीवर राहते, मुलांच्या हाती लागते. आयडाहो राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधील पिस्तूल काढले आणि गोळी लागून आईचा जागीच मृत्यू झाला. पर्समध्ये पिस्तुलासाठी वेगळा, चेन असलेला कप्पा होता. पिस्तूल शरीरावर राहील अशी व्यवस्था ज्या पोशाखात शक्य नाही त्या पोशाखात ते न बाळगणे, हाच त्यावरील उपाय आहे.

घर

खिशातील पिस्तूल दिवसाचे काही तास खिशात आणि उरलेले घरात असते. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्या होत्या. अनोळखी हल्लेखोराचे चित्र मनात ठेवून विकत घेतलेले शस्त्र घरातीलच खचलेल्या व्यक्तीच्या हाती लागण्याचा धोका निवडीच्या विचारात क्वचितच येतो. लहान पिस्तूल उशाखाली, टेबलाच्या खणात, मोटारीच्या कप्प्यात सहज राहते. त्याच्या सोयीचाच हा दुसरा चेहरा आहे. कुलूपबंद लहान पेटी ही पिस्तुलाच्या किमतीतच धरावयास हवी. घरात कोणी तीव्र नैराश्यातून जात असेल तर शस्त्र तेवढ्या काळापुरते घराबाहेर ठेवावे, असे तेथील आरोग्यतज्ज्ञ सांगतात.

भारतीय संदर्भ

भारतात ही निवड जवळजवळ अस्तित्वात नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना बंदूक बाळगणे हा गुन्हा असून परवाना मिळवण्यासाठी कारण दाखवावे लागते. शस्त्र नियम, २०१६ ने अर्ज, पडताळणी आणि प्रशिक्षण यांची पद्धत निश्चित केली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. सार्वजनिक ठिकाणी हातबंदूक होल्स्टरमध्ये वा तशा आवरणात ठेवूनच नेता येते.

९ मि.मी. आणि .३८ ही मापे भारतात सामान्य नागरिकास निषिद्ध आहेत. उरते ते मुख्यत्वे .३२. अमेरिकेत ज्या काडतुसास आता मागील पिढीचे मानले जाते, ते ब्राउनिंग यांचे १८९९ मधील .३२ एसीपी भारतीय परवानाधारकाच्या पिस्तुलात अद्याप भरले जाते, आणि त्यामागील कारण यांत्रिक नसून कायद्याचे आहे. आयुध निर्माणीचे ‘अशनि’ हे पिस्तूल त्याच काडतुसाचे. रिव्हॉल्वरांत .३२ चे दुसरे, लांब पुंगळीचे काडतूस वापरले जाते. नाव सारखे असले तरी दोन्ही एकमेकांऐवजी चालत नाहीत.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्वर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे पाचशे ग्रॅमवर आणले होते आणि पर्समध्ये सहज मावते, असा त्याचा प्रचार झाला. किंमत सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. त्यावरील चर्चा बहुतेक किमतीची आणि नावाच्या औचित्याची झाली. चापासाठी बोटाला किती जोर लागतो, पर्समधून ते काढण्यास किती वेळ लागतो, सरावासाठी काडतुसे किती आणि कोठे मिळतील, हे प्रश्न मात्र त्या चर्चेत फारसे उपस्थित झाले नाहीत.